दाजींचा फिरस्ता

आमच्या दाजींइतका संताप आणणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या मेव्हण्याने मला जरूर येऊन भेटावं, आपण दोघं मिळून बोंबलू. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताईच्या लग्नात कानपिळीला मी त्यांचा कान धरला तेव्हा मी अकरावीत होतो. नवरीच्या भावाने कान पिळायचा, नवरदेवाने ओरडल्याचं सोंग करायचं, सगळ्यांनी हसायचं आणि मेव्हण्याला कापड मिळायचं, असा साधा रिवाज. दाजी ओरडले नाहीत. त्यांनी मान तिरकी ठेवूनच मला गंभीरपणे विचारलं, "मेव्हणे, एकच पिळायचा असतो का दोन्ही? अन् दोन असले तं सुरुवात कोन्त्या बाजूनं?" मी गांगरून कान सोडून दिला. आज वाटतं, तेव्हाच तो चांगला लाल होईस्तोवर पिळायला हवा होता. पुढचा बराच मनस्ताप वाचला असता.

दाजी मूळचे जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेतले. काम काय, तर ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत ठेवलेले दाणे ठरल्या दिवशी उघडायचे आणि किती उगवले, किती नाही ते मोजायचं. चिमट्याने एक दाणा बघायचा, पुढचा बघायचा, शंभर झाले की दुसरी गुंडाळी. दुसरा माणूस या कामाने वेडा झाला असता. दाजी उलट त्यातच रमले आणि मग वेगळ्या दिशेने वेडे झाले. कंपनीत पहिला संगणक आला तेव्हा तो झाकून ठेवायच्या कापडाला हात लावायलाही लोक भीत होते. दाजींनी कुठून तरी प्रोग्रॅमिंगच्या एका पुस्तकाची झेरॉक्स मिळवली, तीही अशी की मधली तीसेक पानं गायब. ती पानं त्यांनी स्वतः विचार करून भरून काढली. पुढे ती खरी पानं मी त्यांना औरंगाबादहून आणून दाखवली, तर वाचून म्हणाले, "ह्यांनी बी ठीकच लिहिलंय." आणि मग एके दिवशी कायमची नोकरी सोडून नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला, पाण्याच्या मोटारी बांधून देणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली घेऊन त्यांनी दोन संगणक मांडले. भोकरदनजवळच्या आमच्या गावी ही बातमी गेली तेव्हा आमच्या बाबांनी दावणीला बांधलेल्या बैलाकडे बघत विचारलं, "जावयाचं डोकं ठिकाणावर हाय ना?" मी तेव्हा औरंगाबादेत संगणकाचंच शिकत होतो. मी दाजींची बाजू घेतली. तीही माझीच चूक.

शिक्षण झाल्यावर पुण्याची नोकरी मिळेपर्यंत मी दाजींच्या त्या खोलीत काम करायला लागलो, आणि या माणसाबरोबर दिवसाचे दहा तास काढणं म्हणजे काय हे मला कळलं. त्यांना काहीही सुरू करण्याआधी ते संपलंय का हे विचारायची खोड होती. किराणा दुकानात गेले की साखर मागायच्या आधी, "संपली का?" दुकानदार चिडून म्हणायचा, अहो पोतं समोर आहे. बसमध्ये चढताना कंडक्टरला, "जागा संपल्या का?" घरी जेवायला बसताना पाटावर टेकण्याआधी ताईला, "पोळ्या संपल्या का?" लग्नानंतरची पहिली दोन वर्षं ताईला हा टोमणा वाटायचा. ती डोळ्यांत पाणी आणून माहेरी सांगायची की मी उशिरा वाढते असं त्यांना म्हणायचंय. दाजींना विचारलं तर ते शांतपणे म्हणायचे, "आधी विचारलेलं बरं असतं. टोपलीत हात घालायचा अन् टोपली रिकामी, मंग हात कुठं ठेवायचा?" मी एकदा म्हटलं, दाजी, रिकाम्या टोपलीत हात गेला तर माणूस मरत नाही. ते म्हणाले, "मानूस न्हाई मरत. प्रोग्रॅम मरतो."

हे आता नीट सांगायला हवं, नाहीतर माझा राग वाचणाऱ्याला कळायचा नाही. कुठल्याही प्रोग्रॅममध्ये याद्या असतात. आम्ही दाजींच्या जुन्याच कंपनीसाठी बियाण्याच्या साठ्याचं काम करत होतो. त्यात गोदामातल्या लॉटांची यादी, लॉटमधल्या पोत्यांची यादी, तालुका, गाव आणि दुकान अशी फांद्या फुटलेली विक्रेत्यांची यादी. प्रत्येक यादीतून एकेक करत फिरावं लागतं. मी सरळ माणूस. जिथे फिरायचं तिथे फिरण्याच्या चार ओळी लिहायच्या आणि पुढचं काम करायचं. महिन्याभरात मी एकतीस ठिकाणी अशा फेऱ्या लिहिल्या आणि माझी छाती फुगली. दाजींनी त्या मोजल्या. एकतीस हा आकडा त्यांनी असा उच्चारला की मी एकतीस घरं फोडली असावीत. म्हणाले, "मेव्हणे, चालायचं एकदाच शिकायचं असतं. गल्ली बदलली म्हणून पाय बदलत न्हाई." आणि त्यांनी सगळं काम थांबवून एक पायाचा साचा लिहायला घेतला. आमच्या धंद्यात त्याला बेस क्लास म्हणतात. त्याचं नाव त्यांनी ठेवलं फिरस्ता.

फिरस्त्यात चार प्रश्न होते. सुरुवात कुठून? संपलं का? आत्ता समोर कोण आहे? पुढं कसं जायचं? एवढंच, आणि या चारांची उत्तरंही त्यात लिहिलेली नव्हती. ज्याची जी यादी असेल त्याने आपापली चार उत्तरं द्यायची: पोत्यांचा फिरस्ता वेगळी देईल, दुकानांचा वेगळी. पण एकदा ती दिली की बाकी सगळं, म्हणजे मोजणं, शोधणं, सगळ्यांना एकच गोष्ट लागू करणं, नको ते काढून टाकणं, हे पायाच्या साच्यात एकदाच लिहिलेलं आयतं मिळणार. कल्पना चांगली होती. ती चांगली होती हेच तर दुखणं. वाईट असती तर मी एका दुपारी भांडून मोडून काढली असती. पण दाजींना ती नुसती चांगली असून चालत नव्हती, त्यांना ती बिलकुल बराबर हवी होती. रिकामी यादी आली तर काय, एकाच यादीतून दोन फिरस्ते एकाच वेळी फिरत असतील तर काय, फिरणारा मध्येच दमून परत सुरुवातीला गेला तर काय. मी विचारायचो, कोण दमतंय? कंपनीचे साहेब सोडून इथे कोण दमलंय? दाजी कागदावर चौकोन काढत बसायचे. फिरस्ता त्यांनी अकरा वेळा पुसून पहिल्यापासून लिहिला. अकरा वेळा! पेरणी जवळ येत होती, कंपनीचे फोन खणखणत होते, बाबा निरोप पाठवत होते की जमत नसेल तर परत नोकरी धरा, आणि हे गृहस्थ चार ओळींच्या साच्याला मुलीसारखं वाढवत होते.

त्यात हा साचा अर्धवट असताना कुणी वापरू नये म्हणून त्याची एकुलती एक फ्लॉपी ते सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरायचे. संगणकात ठेवायचे नाहीत. खिशात फ्लॉपी, बसची तिकिटं आणि तंबाखूची पुडी. पाचव्या वेळी ताईने तो सदरा भिजत घातला. मी खोलीत डोकं धरून बसलो. माझ्या तोंडून ताईला आणि दाजींना, दोघांनाही काय काय निघालं ते लिहिण्यासारखं नाही. दाजी मात्र निवांत. "बरं झालं," म्हणाले, "त्याच्यात एक गोष्ट मला खटकूनच राह्यल्ती." रागावलेल्या माणसाला समोरच्याने निदान थोडं रागवावं एवढी माणुसकी दाखवायला काय हरकत आहे? दाजींनी ती कधीच दाखवली नाही.

सातव्या वेळचा किस्सा तर माझ्या चुलतभावाच्या लग्नातला. भोकरदनला, मंगल कार्यालयाच्या मागच्या मैदानात पंगत बसलेली. पंगतीत सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठायचं नसतं हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण बुंदी वाढायला सुरुवात झाली आणि मधल्याच एका पाहुण्याला फोटोसाठी बोलावणं आलं. तो उठून गेला. कुणीतरी म्हणालं, सरका, सरका, जागा भरा. त्याच्या शेजारी बसले होते नवरदेवाचे सख्खे मामा. ते आपली पत्रावळ ओढत त्या रिकाम्या जागी सरकले, त्यांच्या पलीकडचे त्यांच्या जागी सरकले. वाढपी नेमका उठलेल्या माणसापाशी पोचला होता. त्याने खाली न बघता सवयीने एक पाऊल पुढे टाकलं आणि तिथून वाढत गेला. मामांची पत्रावळ कोरडी. एवढ्यात आमचे दाजी उष्ट्या हाताने उभे राहिले आणि ओरडले, "हेच! हेच! मधून मानूस काढला की वाढप्यानं पाय हलवायचा न्हाई! तिथंच उभं राह्यचं अन् परत खाली पाह्यचं!" आता स्वतः दाजीच उभे, त्यामुळे त्यांच्या शेजारचे पण "सरका" म्हणून सरकायला लागले. मामांना वाटलं, आपली फजिती हा माणूस मांडवभर सांगतोय. ते जे रुसले ते नवरदेवाने पाया पडेपर्यंत जेवले नाहीत. बाबा लाजेने मान खाली घालून बसले होते. आणि दाजी? दाजी हात न धुता लग्नपत्रिकेच्या मागे लिहीत होते. यादीतून एखादा नको असलेला काढला की मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकतात; तेव्हा काढल्यावर पुढे जायचं नाही, त्याच जागी कोण आलंय ते आधी बघायचं. नाहीतर सरकून आलेला सुटतो. हे त्यांनी त्या दिवशी फिरस्त्यात घातलं. मी त्या दिवशी एवढंच पाहिलं की माझ्या घरच्या लग्नाचा विचका झाला.

कंपनीच्या साहेबांना पहिल्यांदा काम दाखवायला गेलो तो दिवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. साहेब घाटावरचे, बोलायला नेमके, हातातलं घड्याळ टेबलावर काढून ठेवणारे. त्यांनी विचारलं, काय काय तयार आहे? मी बोलायच्या आत दाजींनी पडद्यावर फिरस्ता उघडला. चार रिकामे प्रश्न. साहेबांनी पुढे वाकून चारही वाचले. "यात तर काहीच नाही," ते म्हणाले. दाजींचा चेहरा खुलला. "तेच तं, साहेब! ह्याच्यात काहीच न्हाई, म्हणून तं हे कुठं बी चालतं." साहेबांनी घड्याळ हातात घातलं. मी मध्ये पडून माझे पडदे, म्हणजे एकेका कामाची संगणकावर दिसणारी पानं, दाखवले, पोती मोजून दाखवली, चिठ्ठ्या छापून दाखवल्या, तेव्हा कुठे ते पुन्हा खुर्चीत टेकले. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही कामाचे आहात," म्हणाले. "पुण्याला अर्ज केलाय ना? त्यांनी मला तुमच्याबद्दल विचारलं तर मी नीट सांगेन." परतताना मोटारसायकलवर मी मागे बसून दाजींना सगळा रस्ता बोल लावत होतो. दाजी वाऱ्यात मान मागे करून म्हणाले, "साहेब मानूस चांगला हाय. त्यानं रिकामं हाय हे वळखलं."

आणि मग ते घडलं. कंपनीत तोवर उगवणीत नापास झालेल्या लॉटवर प्रयोगशाळेची माणसं हाताने लाल चिठ्ठी चिकटवायची. आता चिठ्ठ्या आमचा प्रोग्रॅम छापणार होता आणि नापास लॉट पाठवणीच्या यादीतून आपोआप काढणार होता. हा शेवटचा पडदा साहेबांना दुसऱ्या दिवशी सकाळी हवा होता, कारण मक्याच्या गाड्या भरायच्या होत्या. दाजी अकरावा फिरस्ता खिशात घेऊन कुठल्याशा नातेवाइकाच्या दहाव्याला गेले होते. मोबाइल त्यांच्याकडे नव्हता. दुपारचे तीन वाजले, चार वाजले. मला इतका राग आला की मी म्हटलं, खड्ड्यात गेला तो फिरस्ता. काढायचंच आहे ना? मी माझी जुनी साधी फेरी लिहिली: लॉट बघ, नापास असेल तर काढ, पुढे जा. दहा मिनिटं लागली. एक नापास लॉट घालून तपासलं, बरोबर निघून गेला. रात्री उशिरा दाजी फ्लॉपी टेबलावर ठेवून गेले; मी तिला हातही न लावता सकाळी एकटाच जाऊन माझी फेरी बसवून आलो. दाजींना सांगितलं, झालं काम. त्यांनी विचारलं, "फिरस्त्यावर बसवलं ना?" मी हो म्हटलं. राग होता म्हणून हो म्हटलं, हे खरं कारण.

आठवडा गेला. दाजी काही कामाने प्लँटवर गेले तेव्हा प्रयोगशाळेतला त्यांचा जुना सोबती सहज बोलला, "आमी दोन लॉट नापास केल्ते. गोदामात लाल चिठ्ठीची थप्पी एकच कशी काय?" दोन्ही लॉट एकाच गावच्या, बांधाला बांध लागलेल्या शेतांतले. नंबर पाठोपाठचे. एकाच हवेने, एकाच पाण्याने दोन्ही बिघडलेले. माझ्या फेरीने पहिला काढला, दुसरा सरकून त्याच्या जागी आला आणि मी पाऊल पुढे टाकलं होतं. दुसरा लॉट तपासणीत नापास असूनही गाडीत चढून भोकरदन तालुक्यातल्या चार दुकानांत पोचला होता. तिथल्या लोकांची पेरणी काही दिवसांवर आली होती. न उगवणारं बी जमिनीत गेलं असतं तर तेवढ्या शेतांचा हंगामच गेला असता, आणि त्यातली निम्मी माणसं आम्हाला नावाने ओळखणारी.

दाजींनी मला काही विचारलं नाही. खोलीत येऊन माझा तो पडदा उघडला, माझी फेरी वाचली आणि म्हणाले, "चला. गाडी काढून राह्यलो." कंपनीने बदली पोत्यांचा टेम्पो मागे पाठवला आणि आम्ही दोघं पुढे मोटारसायकलवर. त्या दिवशी प्रत्येक दुकानाच्या पायरीवर दाजींनी तोच प्रश्न विचारला, "ह्या लॉटचं संपलं का?" आणि मी दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचो, कारण संपलं म्हणजे विकलं गेलं. दोन दुकानांत सगळी पोती जागेवर होती. बाकीच्या दोघांकडची विकली गेली होती. दुकानदारांनी नावं आठवून सांगितली आणि आम्ही घरोघर फिरलो. दाजी प्रत्येक पोत्याला हात लावून, नंबर मोठ्याने वाचून, कागदावर खूण करून मगच पुढे निघत. मला घाई झाली होती, मी ओरडत होतो की दाजी चला, दाजी उशीर होतोय. ते त्याच चालीने चालत होते.

शेवटचं पोतं एका म्हाताऱ्या बाईच्या घरी निघालं. नवरा आणि लेक मेंढरं घेऊन लांब गेलेले, घरची दोन एकर तीच बघणारी. पोतं देव्हाऱ्यापाशी ठेवलेलं, वर हळदकुंकू वाहिलेलं. आम्ही सांगितलं, हे बी उगवायचं नाही, दुसरं देतो. म्हातारी उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "पुजलेलं बी घरातून भाईर जात न्हाई. तुमी कोन सांगनारे? कंपनीनं दिलं, दुकानदारानं दिलं, म्या पुजलं. आता उगवायचं का न्हाई ते त्येचं तो पाहीन." मी समजवायला गेलो तर तिने मला काठी दाखवली. मी चिडून म्हटलं, आजी, चूक झाली कॉम्प्युटरची, आम्ही काय मुद्दाम करतोय का? दाजींनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. माझ्या आठवणीत त्यांनी माझ्या अंगाला लावलेला तो पहिला हात. मग ते उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मावशे, चूक आमची हाय. तुजं पोतं घरातच ठिव. पेरू मात्र नको. हे दुसरं घे, ह्येची बी पूजा कर, अन् हे पेर." म्हातारीने काठी भिंतीला टेकवली. मग आत जाऊन हळदकुंकवाचा करंडा घेऊन आली आणि दाजींच्या हातात दिला. "तू कर पूजा. तुज्या हातानं बिघडलं ना." आणि आमचे दाजी, ज्यांनी ती फेरी लिहिलीही नव्हती, त्यांनी नव्या पोत्याला हळदकुंकू वाहिलं. जुनं पोतं तिने उंदरांसाठी ठेवते म्हणून स्वतःच कोपऱ्यात सरकवलं. कागदावरच्या सगळ्या खुणा पूर्ण झाल्या. एक दाणाही जमिनीत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं उभे होतो. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "चूक कुणाची?" मला उत्तर ठाऊक होतं. दाजींना ठाऊक होतं. माझ्या पुण्याच्या नोकरीचं पत्र यायचं होतं आणि साहेबांचा एक शब्द त्यात लागणार होता. मी टेबलावरच्या त्यांच्या घड्याळाकडे बघत होतो. तेवढ्यात दाजी म्हणाले, "साहेब, पायाच कच्चा हाय. माझ्या फिरस्त्यात खोट राह्यली. मेव्हण्यानं बराबर लिवल्तं." ज्या साच्यासाठी त्यांनी हातातलं सगळं काम थांबवलं, ज्याची फ्लॉपी छातीशी धरून फिरले, ज्यात एका स्वल्पविरामाला कुणी नावं ठेवली तर दोन दिवस जेवले नसते, तो त्यांनी भर केबिनमध्ये खोटा ठरवला. मी गप्प राहिलो. साहेब म्हणाले, मला वाटलंच होतं, त्यात काहीच नव्हतं. काम काढून घेतलं गेलं, हैदराबादच्या कुणाला दिलं. मला पुण्याचं पत्र आलं. दाजींनी खोली रिकामी केली आणि दुसऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत चिमटा धरला.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात एका गोऱ्यापान, टाय लावलेल्या माणसाने आम्हाला पंख्याखाली बसवून इटरेटर शिकवला. पडद्यावर तेच प्रश्न होते. संपलं का, पुढचा कोण. काढताना काय काळजी घ्यायची ते वेगळं पान. सगळे वहीत उतरवून घेत होते. मी उठून बाहेर गेलो आणि जिन्यात उभं राहून दाजींना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की बस. काय अडलं होतं खरं सांगायला? कुणी मागितला होता हा उपकार? माणसाने एखाद्याला आयुष्यभर असं आपल्या उपकाराखाली ठेवू नये, आणि ठेवायचंच असेल तर निदान अधूनमधून बोलून दाखवावं, म्हणजे भांडता तरी येतं. दाजी दिवाळीला भेटले की विचारायचे, पुण्यात पाणी चांगलं येतं का.

आणि बाबा. बाबांनी त्या दिवसापासून दाजींशी सरळ बोलणं सोडलं. समोर बसलेल्या जावयासाठी ताईला सांगायचे, "ह्यांना इचार, भाकर पाह्यजे का." चार माणसांत विषय निघाला की म्हणायचे, "आमच्या जावयानं कायबाय रिकामं बनवलं अन् तालुक्यात नाव घालवलं." मी तिथे बसलेला असायचो. सात वर्षं मी तिथे बसून भाकरी खाल्ली.

गेल्या आठवड्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ते ताईकडे जालन्याला आहेत. मी भेटायला गेलो होतो. डोळ्याला पट्टी, तरी तोंड चालू. कुणीतरी बियाण्याचं काही बोललं आणि बाबा सुरू झाले, तेच वाक्य, तोच सूर. माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं आणि म्हटलं, बाबा, ती चूक माझी होती. ह्यांच्या फिरस्त्यात कधीच खोट नव्हती, मी तो वापरलाच नव्हता, आणि साहेबांसमोर मी तोंड शिवून उभा राहिलो. ताईच्या हातातून पळी पडली. बाबांनी पट्टीसकट मान माझ्याकडे वळवली. बोलले ते दाजी, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा मी त्यांना रागावलेलं पाहिलं. कानशिलं लाल झाली होती. "कशाला सांगितलं? म्हाताऱ्या मानसाला एकाचा राग धरून ठिवायला सोपं असतं. सात वर्षं बराबर चाललं होतं. आता ते कोनाकोनाचा धरतील?" मग मला स्टँडवर सोडायला आले. बस लागल्यावर एवढंच म्हणाले, "तुमी बी ना, मेव्हणे, काय बी काढता मधीच."

परवा सकाळी ताईचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती. "अरे, बाबा अन् हे दोघं वसरीत बसून राह्यलेत, दोन तास झाले. बाबांनी आपून होऊन इचारलं, जावईबापू, ते तुमचं काय होतं ते एकडाव सांगा मला. तवापासून हे सांगून राह्यलेत. कागद काढलेत, चौकोन काढलेत. बाबांना पट्टीतून काय दिसून राह्यलं देव जाणे." मी विचारलं, बाबांना कळतंय का काही? "बिलकुल न्हाई," ताई म्हणाली, "पन उठून न्हाई गेले. मान हालवून राह्यलेत." तिच्या मागून दाजींचा आवाज येत होता, घाई नसलेला, आणि थोड्या थोड्या वेळाने बाबांचा हुंकार. ताई म्हणाली, ठेवते आता, दूध उतू जाईल. मी म्हटलं, थोडा वेळ नको ठेवू. नुसता तिथे ठेवून दे फोन, त्यांच्या बाजूला.